एसी लावला की कुबट वास: कॉइल, फिल्टर की ड्रेन पाइप?

केए२२_खानापूर

पेट्रोल हॅचबॅक, ६ वर्षांची, ७०,००० किमीच्या आसपास. जून लागल्यापासून एसीतून कुबट वास येऊलालाय. लावल्या लावल्या पहिलं अर्धा मिनिट जास्त, ओल्या गोणपाटासारखा. हवा गार झाली की कमी होतो, बंद करून परत लावला की परत तेच. गारवा एकदम चांगला आहे, त्यात तक्रार नाही.

गाडी रोज खानापूर-बेळगाव, अधूनमधून जांबोटीवरून चोर्ला घाट. घाटात काच धुरकटते म्हणून एसी लागतो, एरवी या हवेत कोण लावतंय. गॅरेजवाल्यांची दोन मतं: एक म्हणतो गॅस काढून नवीन भरूया, दुसरा म्हणतो डॅशबोर्ड उतरवून कॉइल बाहेर काढायला पाहिजे. घरी काय काय करता येईल आणि कुठल्या क्रमानं? ड्रेन पाइप नेमका कुठं असतो तेही सांगा.

उद्यमबाग_एसीकाम

गॅसचा आणि या वासाचा काही संबंध नाही, ते आधी डोक्यातून काढा. गॅस बंद नळीतून फिरतो, केबिनच्या हवेला लागतसुद्धा नाही. गारवा चांगला आहे म्हणताय म्हणजे गॅस बरोबर आहे.

वास येतो कूलिंग कॉइलवरून. डॅशबोर्डच्या आत ही ॲल्युमिनियमची जाळी असते, तिचं तापमान शून्याच्या थोडंच वर. दमट हवा तिच्यावरून गेली की घाम फुटल्यासारखं पाणी सुटतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तासाला अर्धा-एक लिटर सहज. हे पाणी खाली ट्रेमध्ये आणि तिथून ड्रेन पाइपनं रस्त्यावर पडायला पाहिजे. पत्र्यांमधली फट मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. तिच्यात धूळ अडकते, त्यावर पाणी, वर बंद काळोखी पेटी. बुरशीला आणखी काय पाहिजे? बेळगावात हे जास्त होतं, कारण आपण एसी दहा मिनिटं लावतो आणि कॉइल ओली असतानाच सगळं बंद करून गाडी उभी करतो. चेन्नईत दिवसभर एसी चालवणाऱ्या गाडीपेक्षा आपली कॉइल जास्त कुजते.

खोलाखोली करायच्या आधी वास कुठला ते ठरवा, फार मोठं काम नाही:

गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी दार उघडा आणि काहीही सुरू न करता डाव्या सीटच्या पायाशी नाक न्या. तिथंच वास असेल तर कार्पेट ओलं आहे. मग एसी बंद, नुसता ब्लोअर, बटण आतल्या हवेवर. नंतर तेच बाहेरच्या हवेवर. बाहेरच्या हवेवरच वास येत असेल तर वायपरखालच्या जाळीत पाला कुजलाय. चिंच, गुलमोहर यांच्याखाली गाडी लावणाऱ्यांना हे हमखास. दोन्हीकडं वास असेल तर फिल्टर, ब्लोअर किंवा कॉइल. शेवटी एसी लावून १५ मिनिटं गाडी उभ्या जागी चालू ठेवा आणि खाली पाणी पडतंय का बघा.

आता कॉइल धुणं. इंजिन गार, चावी बंद. ग्लव्ह बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो. उजवीकडं दोरी किंवा छोटा दांडा असेल तर आधी तो सोडवा, नाहीतर तुटतो. मागं फिल्टरचं झाकण, दोन क्लिपांचं. फिल्टर काढताना बाणाची दिशा कुठं होती त्याचा फोटो घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत फिल्टर ब्लोअर आणि कॉइलच्या मधे असतो, म्हणजे त्या फटीतून टॉर्च मारली की उजव्या अंगाला कॉइलचे पत्रे दिसतात. तुमच्यात फिल्टर ब्लोअरच्या वर असेल तर तिथून कॉइल दिसणार नाही. मग ब्लोअरचं रेझिस्टर, म्हणजे त्याचा वेग कमी-जास्त करणारा भाग (दोन स्क्रू, वायरचा एक कपलर), काढून त्या भोकातून जायचं.

कॉइलसाठीचा फोम क्लीनर आणा, सोबत अर्धा-पाऊण मीटरची बारीक नळी असलेला. नळी कॉइलपर्यंत घाला आणि फवारत फवारत सावकाश मागं घ्या, वर-खाली सगळीकडं लागला पाहिजे. ब्लोअरच्या मोटरवर आणि वायरिंगवर नको. वीस मिनिटं थांबा. खाली चहाच्या रंगाचं पाणी पडायला लागलं तर काम बरोबर चाललंय. नंतर गाडी उघड्यावर घ्या (शेडमध्ये नको, सायलेन्सरचा धूर), एसी बंद, हीटर पूर्ण, ब्लोअर मधल्या वेगावर, बाहेरची हवा, चारी दारं उघडी, १५ मिनिटं. कॉइल कोरडी झाल्यावरच नवीन फिल्टर बसवा.

लोक काय काय करुलालेत ते बघून सांगतो: संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच ॲल्युमिनियम खातं, वर्षभरात कॉइलला भोक. स्पिरिट मारून लगेच ब्लोअर लावला तर मोटरच्या ठिणगीनं पेटू शकतं. प्रेशर वॉशरनं पत्रे वाकतात. घरच्या स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटचा क्लीनर तर मुळीच नको, तो जास्त तिखट असतो.

केए२३_निपाणी

वरचं सगळं बरोबर. फिल्टरवर थोडं.

पुस्तकात १०-१५ हजार किमी लिहिलेलं असतं, ते आपल्या रस्त्यांसाठी नव्हे. इकडं तंबाखूच्या वखारीजवळ फिरणाऱ्या गाडीच्या फिल्टरला तंबाखूचाच वास लागतो, उद्यमबागेत फाउंड्रीची काळी वाळू, खानापूरकडं कौलांच्या भट्ट्यांची लाल माती, आणि ऊसाच्या हंगामात चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात जाळलेल्या पाल्याची राख. वर्षात दोनदा बदला: मे अखेरीस एकदा, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा. ओला झालेला कागदी फिल्टर धुऊन वाळवून परत घालू नका. धूळ जाते पण कागद फुगतो, कडा सुटतात आणि हवा बाजूनं जाते.

काळा, कार्बनचा फिल्टर डिझेलचा धूर आणि तंबाखूचा वास धरतो. बुरशी मारत नाही. कॉइल न धुता तो घातला तर आठ दिवस बरं वाटतं, एवढंच.

आणि एक: काही जुन्या छोट्या गाड्यांत कारखान्यातूनच फिल्टर येत नाही, नुसती जागा आणि वर बंद झाकण असतं. तुमची तशी असेल तर कॉइलवर ६ वर्षांची माती थेट बसलेली असणार. फोमचा एक डबा पुरणार नाही, दोन आणा आणि पहिला पूर्ण निथळल्यावर दुसरा.

केए२२_खानापूर

चारी गोष्टी करून बघितल्या. फिल्टर आहे, पार मातकट, पण जागेवर. नुसत्या ब्लोअरवर दोन्हीकडं थोडा वास. महत्त्वाचं म्हणजे एसी २० मिनिटं लावून खाली एक थेंब नाही. डाव्या पायाखालची रबर मॅट उचलली तर वरून कार्पेट कोरडं, दाबलं की बोटाला पाणी. आता आधी काय?

उद्यमबाग_एसीकाम

मग सापडलं की. ड्रेन पाइप तुंबलाय. फोम आत्ता मारू नका, तो पण आतच साठेल आणि कार्पेटमध्ये उतरेल.

पाइप बघायचा तर गाडी रॅम्पवर घ्या किंवा जॅक लावून खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर कुणीही खाली शिरू नका. डाव्या पुढच्या चाकाच्या मागं, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून काळा रबरी पाइप बाहेर येतो, अंगठ्याएवढा, बहुतेक खाली वाकलेला. सायलेन्सरचा पाइप जवळ असतो, गाडी गार असू दे.

पाइप हातानं ओढून निघतो. समोर तोंड धरू नका, अडलेलं पाणी एकदम येतं, लिटरभर सुद्धा. तोंडाशी वाळलेल्या चिखलाचा गोळा दिसला तर ती कुंभारीण माशी. पेन्सिल जाईल एवढं कुठलंही भोक तिला घर करायला चालतं आणि उन्हाळ्यात दोन महिने एसी न लावलेल्या गाडीचा पाइप म्हणजे तयार जागा. गोळा बाहेरून फोडून काढा.

गाळ आत असेल तर सायकलचा पंप लावून हलका दाब द्या. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर पूर्ण दाबानं लावला तर आतला ट्रेचा जोड सुटतो आणि पाणी कायमचं केबिनमध्ये. तार घालायची झालीच तर टोक गोल वळवून, बोटभर लांबीपेक्षा आत नाही. त्याच्या पुढं कॉइल आहे आणि तिला भोक पडलं की खरोखर डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

मोकळा झाला की रेझिस्टरच्या किंवा फिल्टरच्या बाजूनं कॉइलखालच्या ट्रेमध्ये अर्धा पेला साधं पाणी सोडा. लगेच खाली पडलं पाहिजे. मगच फोम.

शहापूर_सीटकव्हर

कार्पेटचं मी सांगतो, कारण ते ओलं ठेवून कॉइल धुतली तर वास जाणार नाही आणि दोष क्लीनरला देणार.

कार्पेटच्या खाली बोटभर जाड फेल्ट किंवा फोम असतो, पाणी तिथं बसतं. वरून हेअर ड्रायर मारून उपयोग नाही. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी क्लिपांवर असते, ती वर उचला, बाजूची कडेची पट्टी काढा, कार्पेट सीटच्या बोल्टपर्यंत मागं दुमडा. फेल्ट पिळता येत असेल तर पिळा, खाली लाकडाचे ठोकळे देऊन कार्पेट अधांतरी ठेवा आणि टेबल फॅन दोन दिवस लावा. या दिवसांत ऊन नसतं म्हणून तीन लागतील. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, बॅटरी जोडलेली असताना ते ओढू नका.

पाणी बोटावर घेऊन बघा. नुसतं पाणी असेल तर एसीचं. चिकट, गोडसर वासाचं, हिरवट किंवा लालसर असेल तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी) गळतोय, ते काम वेगळं आणि तातडीचं. एसी न लावताही पावसानंतर ओलं होत असेल तर वायपरखालची जाळी किंवा दाराचं रबर बघा.

केए२२_खानापूर

पाइपात मातीचा गोळाच होता. काढल्यावर दीड तांब्या पाणी पडलं, घाण वासाचं. कार्पेट दुमडून फॅन लावलाय. डॅशबोर्ड उतरवायची वेळ कधी येते मग?

उद्यमबाग_एसीकाम

फेल्ट वाळलं, फोम महिन्याच्या अंतरानं दोनदा झाला, पाणी व्यवस्थित पडतंय आणि तरी वास आहे, तेव्हा. किंवा कॉइलच गळत असेल तेव्हा. त्यात गॅस मशिनवर काढून घ्यावा लागतो, जोडांचे ओ-रिंग (रबरी कड्या) नवीन, कमीत कमी अर्धा तास व्हॅक्यूम (नळीतली हवा-ओल ओढून काढणं), आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये, वजन करून. नुसता गेजचा काटा बघून भरणाऱ्याकडं हे काम देऊ नका.

तोपर्यंत घरी पोचायच्या दोन-तीन किलोमीटर आधी एसीचं बटण बंद करा, ब्लोअर तसाच जोरात, बाहेरची हवा, म्हणजे कॉइल वाळते. खानापूर जवळ आलं की बटण दाबायची सवय लावा.