विषय: पुढच्या मंगळवारी सोलचा ग्योंगबोकगुंग राजवाडा बंद!

मंडळी,
सहलीचा बेत जाहीर करताना कुणीच वार पाहिला नाही का? ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद असतो. सरकारी सुट्टी त्या दिवशी आली तरच उघडा, आणि पुढच्या मंगळवारी तशी सुट्टी नाही. आजी-आजोबा धरून २४ नावं आली आहेत. पाहुण्यांचं विमान बुधवारी पहाटे, त्यामुळे दिवस हलत नाही. आजच ठरवा.
– नीलिमा

नीलिमाताई,
त्याऐवजी चांगदोकगुंग महालाला जाऊ. त्याची सुट्टी सोमवारी. आंगुक स्टेशन, ३ नंबरचं दार, तिथून पाचेक मिनिटं. महालाचे ३,००० वॉन, मागच्या हुवन बागेचे वेगळे ५,०००. बागेत ठरलेल्या वेळीच सोडतात. ऑनलाइन तिकिटं सहा दिवस आधी सकाळी १० ला खुली होतात, म्हणजे आपल्यासाठी उद्या, बुधवारी. एका नावावर जास्तीत जास्त १०. तिघांना बसावं लागेल आणि तिघांनी एकच वेळ, एकाच भाषेची फेरी घ्यायला हवी. एकाने इंग्रजी, दुसऱ्याने कोरियन घेतली की गट फुटला.
– प्रशांत

प्रशांत,
तिकिटं सहल समिती काढते. परस्पर कुणी बसू नये, नोंदणी दोनदा होते. शिवाय सगळ्यांना हुवन कशाला? तास-दीड तास चढउतार आहे आणि गाइडला सोडून रेंगाळता येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी महालातच इंजोंगजॉन हा दरबार आणि नाकसॉनजे हा राहता वाडा निवांत पाहावा. बागेचं दार डोनह्वामूनला, म्हणजे महालाच्या मुख्य दाराला, नाही, आत दहा मिनिटं चालावं लागतं. फेरीच्या अर्धा तास आधी मुख्य दारात हजर राहा.
– मेधा

हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घातला की सगळं फुकट ना? मग ८,००० कशाला? नऊवारी चालेल का?
– संजीवनी

संजीवनी,
फुकट फक्त महाल, तोही वरचा जेओगोरी आणि खालचा घागरा किंवा विजार दोन्ही अंगावर असतील तर. नऊवारीला ही सवलत नाही. हुवनचे ५,००० द्यावेच लागतात. आणि बागेच्या चढावर तो घेरदार घागरा पायात येतो. बाग पाहणाऱ्यांनी भाड्याने घेऊ नये.
– अनघा

हानबोक राहू द्या, संध्याकाळी बुकचोन, ती जुन्या घरांची वस्ती, करायचं का?
– किरण

किरण, बुकचोनच्या लाल पट्ट्यात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा. नंतर फिरलात तर १,००,००० वॉन दंड, आणि तो योग्यच आहे, तिथे लोक राहतात. त्यापेक्षा शेजारचा चांगग्योंगगुंग महाल. चांगदोकगुंगच्या आतूनच हामयांगमून दारातून जाता येतं, तिकीट १,००० वॉन, रात्री ९ पर्यंत उघडा. १९०९ चं काचघर आणि तळं तिथेच. वाट सपाट, आजी-आजोबांना सोपी.
– प्रशांत

प्रशांतचा चांगग्योंगगुंग मान्य. बागेसाठी नावं आज रात्री ९ पर्यंत मला, पासपोर्टवर आहेत तशीच. मेट्रो-बसच्या टी-मनी कार्डात पैसे आदल्या दिवशीच भरा, रोख न्या, स्टेशनच्या यंत्रावर भारतातली कार्डं धरून बसू नका. उद्या १० ला समितीचे तिघं बसतील. तिकिटं कमी पडली तर उरलेले मंगळवारी सकाळी खिडकीवर, त्या दिवसाची काही तिथे विकतात.
– मेधा