एएलके पॉझिटिव्ह कॅन्सर: सर्क्युलर आरएनएची रक्ततपासणी करावी का?

सोलापूरची_लेक: आईला फुफ्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा आहे, एएलके पॉझिटिव्ह. तंबाखूला ती कधी शिवलीही नाही. ॲलेक्टिनिब (एएलके रोखणारं औषध) चालू आहे. भावाने वाचलं की सर्क्युलर आरएनएमुळे गाठ वाढते आणि तो रक्तातही सापडतो. तपासून घ्यावा का? पुन्हा बायोप्सी म्हटलं की आई रडते.

मेघना_आरएनए: ताई, माझं कामच यावर आहे. एएलके पॉझिटिव्ह गाठींत बहुतेक वेळा ईएमएल4 आणि एएलके ही जनुकं एकमेकांना जोडली गेलेली असतात. हे 2007 मध्ये जपानमध्ये सापडलं. या जोडजनुकाचा आरएनए (जनुकाची नक्कल) बनताना कधी कधी पुढचं टोक मागे वळून चिकटतं आणि वर्तुळ तयार होतं. हाच सर्क्युलर आरएनए. टोकच नाही, म्हणून टोकाकडून कुरतडणाऱ्या एन्झाइमांचं त्यापुढे चालत नाही.

2018 मध्ये चीनमधल्या संशोधकांना असं वर्तुळ, एफ-सर्कईए, रुग्णांच्या प्लाझ्मात (रक्तातल्या द्रव भागात) मिळालं. त्याचाच एक प्रकार, 2ए, पेशींमध्ये वाढवला तेव्हा पेशी जास्त सरकू आणि घुसू लागल्या, पण त्यांची संख्या फारशी वाढली नाही. म्हणून 'गाठ वाढते' एवढंच म्हणणं मला पटत नाही. पसरणं वेगळं, वाढणं वेगळं.

यावरून उपचार ठरत नाहीत. या तपासणीसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

एमएस्सी_नांदेड: मॅडम, सीआयआरएस-7 हा सर्क्युलर आरएनए तर गाठीची वाढ करतो ना? त्यावर एमआयआर-7 (जनुकांना आवर घालणारा छोटा आरएनए) चिकटायच्या 70 हून जास्त जागा आहेत. एमआयआर-7 अडकला की ईजीएफआर (पेशींची वाढ करवणारं प्रथिन) मोकळा सुटतो, असं शिकवलंय.

मेघना_आरएनए: जागांची गोष्ट खरी, 2013 पासून माहीत आहे. पण 2020 मध्ये मोठ्या आतड्याच्या गाठींचे काप पाहिले तेव्हा सीआयआरएस-7 कॅन्सरच्या पेशींत नव्हताच, आजूबाजूच्या स्ट्रोमात (गाठीला आधार देणाऱ्या ऊतीत) होता! आख्खी गाठ कुटून आरएनए मोजला की हे कळत नाही. फुफ्फुसाच्या गाठींबद्दलचे दावे वाचतानाही आधी हेच बघ: आरएनए नेमका कोणत्या पेशीतला?

सोलापूरची_लेक: मग डॉक्टरांना काय विचारू?

मेघना_आरएनए: आत्ता गोळीचा गुण येत असेल तर नियमित स्कॅन पुरेत का, ते विचारा. आजाराने पुन्हा उचल खाल्ली, तर 'सीटीडीएनएची (गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएची) लिक्विड बायोप्सी, म्हणजे रक्ततपासणी, आधी करता येईल का?' असं विचारा. जी1202आरसारखा, औषधाला दाद न देणारा एएलकेमधला बदल त्यात दिसला, तर पुढची गोळी निवडायला मदत होते. मात्र रक्तात काही मिळालं नाही तर तुकडा काढावा लागू शकतो, हे आईंना आधीच सांगून ठेवा.