बास गिटारला जास्त ताणाच्या तारा: कुठला गेज (तारांची जाडी) घ्यावा?

पंचवटीकर: मंडळी, आम्ही अभंग रॉकच्या अंगाने वाजवतो. गायकाची पट्टी खाली, म्हणून बास एक स्वर उतरवून डी-जी-सी-एफ लावतो. स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच, तारा ४५-१०५ (सर्वांत पातळ ते सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). जाड तार अगदी ढिली पडते, जोरात छेडली की फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते. ५०-११० घेऊ का?

गंगापूररोड_बास: ताण वारंवारितेच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे एक स्वर उतरवला की जवळपास २० टक्के घटतो. ५० ची पातळ तार तो भरून काढेल, पण खाली ११० पुरणार नाही. तिथे सुटी ११५ टाक. माझ्या बासवर तीच आहे, ठेका कसा ठाम बसतो!

सिडकोवाला: फ्लॅटवाउंडचाही (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारांचा) विचार करा. ताण सहसा जास्त, आवाज गोल; पखवाजाशेजारी फार शोभतो. अमेरिकन बासवादक जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंडच वाजवायचे.

गंगापूररोड_बास: आणि नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच बघ. ११५ तिच्यात नीट बसली नाही तर तार वर राहते, पहिल्या फ्रेटवर सूर चढतो. खाच कारागिराकडूनच रुंद करून घे. ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारा आतला दांडा) तारा लावून सुरात आणल्यावर, मान बघूनच फिरव.

पंचवटीकर: मग वर ५०, खाली ११५. फ्लॅटवाउंड मित्राच्या बासवर ऐकून ठरवतो.