खानदेशातून हिमालयाच्या पायथ्याशी : छोट्या सहलीच्या नियोजनाचे अनुभव

एप्रिल संपत आला की जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाकडे सरकू लागतो आणि घराघरांत थंड हवेच्या ठिकाणांचा विषय निघतो. तोरणमाळ आणि पाल आपल्या जवळच आहेत. परंतु हिमालय एकदा तरी पाहावा ही इच्छा बहुतेकांच्या मनात असते आणि त्यासाठी पंधरा दिवसांची रजा फार थोड्यांना मिळते. हरिद्वार, ऋषिकेश, लॅन्सडाउन, नैनीताल, कसौली या ठिकाणांविषयी जी माहिती सहज हाती लागते, ती दिल्लीकरांना गृहीत धरून लिहिलेली असते : शुक्रवारी संध्याकाळी निघावे, रविवारी रात्री घरी पोहोचावे. आपल्याकडून रेल्वेने दिल्लीच सुमारे अकराशे किलोमीटर आहे. म्हणून हिशेब दिल्लीपासून न मांडता भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबारपासून मांडलेले अनुभव एके ठिकाणी यावेत, यासाठी हा धागा काढला आहे. कोणती गाडी, कोणता ऋतू, सोबत कोण आणि विशेषतः काय वगळले, हे प्रत्येकाने जरूर लिहावे. छोट्या सहलीत काय पाहायचे हे ठरवणे सोपे असते. काय सोडायचे हे ठरले नाही तर सगळीच ओढाताण होते.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

माझ्याकडे अनेक कुटुंबे प्रवासाचा आराखडा विचारायला येतात, आणि मी सर्वांना प्रथम दिल्लीतले स्थानक पाहायला सांगतो. गोवा एक्सप्रेस, मंगला आणि मुंबईची राजधानी या गाड्या हजरत निजामुद्दीनला संपतात; पंजाब मेल आणि झेलम नवी दिल्लीला नेतात. पुढची गाडी मात्र वेगळ्याच स्थानकावरून सुटत असू शकते. डेहराडूनची शताब्दी नवी दिल्लीहून सकाळी निघते, तर २०२३ मध्ये सुरू झालेली डेहराडूनची वंदे भारत आनंदविहारहून संध्याकाळी सुटते आणि त्याच रात्री हरिद्वारला पोहोचवते. निजामुद्दीन आणि आनंदविहार ही दोन्ही स्थानके मेट्रोच्या गुलाबी मार्गावर आहेत, त्यामुळे सामान आटोपशीर असेल तर रिक्षावाल्यांशी घासाघीस करण्याची गरज पडत नाही.

राजधानी जळगावला थांबते. रात्री तेथे बसले की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत दिल्ली येते आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत पुरेसा वेळ हाताशी राहतो. हा वेळ वाया गेला असे समजून दिल्लीहून पुढची गाडी आणखी लवकरची घेण्याचा मोह आवरावा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुके दाटते आणि चांगल्या गाड्यासुद्धा कित्येक तास रखडतात. त्या दिवसांत तर दिल्लीत एक मुक्काम धरूनच चालावे. दोन्ही तिकिटे आरक्षणाच्या वेळी एकमेकांना जोडून घेण्याची सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर नियमांत बसत असल्यास दुसऱ्या तिकिटाचा परतावा मिळू शकतो. मात्र दोन्हींवर प्रवाशांची नावे तीच असावी लागतात. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे एकशेवीस दिवस आधी नाही. त्यामुळे मे महिन्याच्या सहलीचा विचार होळीला करायचा आणि मार्च सरता सरता तिकीट काढायचे, हे गणित सोयीचे पडते. मुंबईहून भुसावळमार्गे थेट हरिद्वारला जाणारी वातानुकूलित गाडीही आठवड्यातून ठराविक दिवशी आहे. वयस्कर मंडळी सोबत असतील तर दिल्लीत स्थानक बदलण्यापेक्षा तिच्या दिवसांप्रमाणे रजा मांडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमळनेर, शिक्षिका

भुसावळच्या काकांनी वयस्कर मंडळींचा उल्लेख केला आहे, म्हणून आईला घेऊन केलेल्या हरिद्वारच्या सहलीविषयी लिहिते. आम्ही मसुरी, डेहराडून आणि गुहांची सगळी ठिकाणे आधीच यादीतून काढून टाकली होती. हरिद्वारला मुक्काम आणि मध्ये एक दिवस ऋषिकेश, एवढेच ठरवले होते, आणि त्यामुळेच आईला घाटावर मनासारखे बसता आले.

हर की पौडीवरील पाण्याचा वेग तापीच्या काठी वाढलेल्या माणसालाही चकित करतो. भीमगोडा येथून मुख्य नदीतून वळवलेला प्रवाह या घाटावरून जातो. पायऱ्यांच्या कडेला लोखंडी साखळ्या लावलेल्या आहेत आणि त्या हातात घट्ट धरूनच स्नान करावे लागते. ऐन मे महिन्यातही पाणी इतके गार होते की पहिल्या बुडीला आईचा श्वास अडकला. तिने साखळी दोन्ही हातांनी धरली, मी तिच्या मनगटाला धरले, आणि दुसऱ्या बुडीनंतर ती स्वतःहून म्हणाली, "आता सोड मला." वयस्कर माणसाला न्यायचे असेल तर अंघोळीची वेळ पहाटेची न धरता उन्हे चढल्यावरची धरावी. संध्याकाळच्या आरतीला बसण्यासाठी बराच वेळ आधी जागा धरावी लागते. उशीर झाला तर समोरच्या तीरावरून शांतपणे पाहावे, गर्दीत शिरू नये.

आता काळाविषयी, कारण येथेच आपल्या लोकांची गफलत होते. उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर बदलतो. गुरुपौर्णिमा झाली की त्यांचा श्रावण सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे आषाढाचा वद्य पक्ष चालू असतो. त्याच पंधरवड्यात कावडयात्रेसाठी लाखो शिवभक्त गंगाजल नेण्यास हरिद्वारला येतात, दिल्ली-हरिद्वार रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते आणि खोली मिळणे अवघड होते. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत श्रावण अजून लागलेला नाही असे पाहून जो निघेल, तो नेमका त्या गर्दीत सापडेल. आपण श्रावणात कानबाई देवी बसवतो तोपर्यंत ती यात्रा ओसरलेली असते, पण मग पावसामुळे डोंगरात दरडी कोसळण्याचा धोका राहतो.

दुसरी वेळ दसरा ते दिवाळी. हरिद्वारहून निघणारा गंगेचा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला. त्याच्या दुरुस्तीसाठी आणि सफाईसाठी दरवर्षी या काळात पाणी बंद करतात. हर की पौडीचा प्रवाह त्यामुळे अगदी रोडावतो आणि उघड्या पडलेल्या पात्रात लोक नाणी शोधताना दिसतात. नवरात्र आटोपून लगेच गंगास्नानाला जाण्याचा बेत ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. दिवाळी झाल्यावरचा आठवडा शाळेच्या सुट्टीतही बसतो आणि हवाही सुखाची असते.

खाण्याची काळजी करू नये. तेथे सगळीकडे शाकाहारी जेवण आहे आणि बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. गाडीसाठी मात्र दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे घरूनच न्यावे. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि खंडवा-इटारसीच्या उन्हात भाजीसारखी आंबत नाही.

फैजपूर, केळी उत्पादक शेतकरी

शनिवार-रविवार धरून डोंगरात जाणे हाच बेत आपल्यासाठी उलटा आहे, असे मला अनुभवावरून वाटते. दिल्लीपासून चार-सहा तासांच्या अंतरावरची सगळी गावे शुक्रवारी रात्रीपासून भरतात, खोल्यांचे दर चढतात आणि घाटात वाहनांच्या रांगा लागतात. आपल्याला रजा कशीही काढावीच लागते. मग शनिवार-रविवार आपण रेल्वेत घालवावेत आणि डोंगराला सोमवार-मंगळवार द्यावेत. शनिवारी रात्री जळगावहून निघालो, रविवारी दिल्लीत गाडी बदलली आणि कोटद्वारला पोहोचलो, तेव्हा समोरून दिल्लीची वाहने परतीच्या वाटेला लागलेली होती. सोमवारी लॅन्सडाउनचे रस्ते जवळजवळ आमचेच होते.

लॅन्सडाउन कोटद्वारपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, सतराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. ही १८८७ मध्ये वसवलेली लष्करी छावणी असून गढवाल रायफल्सचे केंद्र तेथे आहे. छावणी असल्यामुळे बांधकामांची दाटी नाही, बाजार लहान आहे आणि रात्री लवकर निजानीज होते. ज्यांना खरेदी आणि वर्दळ हवी त्यांनी तेथे जाऊ नये. ज्यांना झाडाखाली बसायचे आहे त्यांनी अवश्य जावे.

मी मुद्दाम मार्चच्या अखेरीस गेलो, कारण त्या काळात बुरांस फुलतो. गर्द हिरव्या बांज वृक्षांच्या मधून लालभडक फुलांनी लगडलेले ते झाड सातपुड्यातल्या पळसाची आठवण करून देते, मात्र पळसावर तेव्हा पान नसते आणि बुरांस पानांसकट फुलतो. फुलांचे सरबत रस्त्याकडेला मिळते. चीडच्या झाडांच्या बुंध्यांवर तिरक्या खाचा घातलेल्या होत्या आणि प्रत्येक खाचेखाली लहानसे भांडे अडकवले होते; त्यात मधासारखा, घट्ट, उग्र वासाचा रस थेंबाथेंबाने उतरत होता. स्थानिक लोक त्याला लीसा म्हणतात आणि त्यापासून टर्पेंटाइन निघते. बोट लावले तर तो चिकटपणा साबणानेही सुटला नाही. केळीच्या चिकाची सवय असलेल्या हातांनाही तो निराळा वाटला. याच रसामुळे आणि खाली साचणाऱ्या सुयांसारख्या पानांमुळे मे-जूनमध्ये त्या जंगलात वणवे लागतात. उन्हाळ्यात जाणाऱ्याने जंगलात विडी-काडी पेटवू नये, हे मी हात जोडून सांगतो. आपल्या सातपुड्याला लागलेली आग आपण पाहिलेली आहे.

पाचोरा, दुकानदार

आमची पी. जे. गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि नंतर तो मार्ग रुंद करण्याचे ठरले. पाचोरा-जामनेरचा तो छप्पन्न किलोमीटरचा रूळ अडीच फुटी होता. कालका-शिमल्याचा रूळही अडीच फुटीच आहे. मुलांना ती गाडी दाखवावी, म्हणून आम्ही शिमला न धरता कसौलीचा बेत केला. दिल्लीहून कालका, तेथून छोट्या गाडीने धरमपूर आणि पुढे टॅक्सीने कसौली. धरमपूरला उतरल्यामुळे वेळ वाचला आणि चढणीच्या वळणांचा आनंदही मिळाला.

हा मार्ग १९०३ मध्ये सुरू झाला, शहाण्णव किलोमीटर लांब आहे आणि २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सर्वांत लांब, एक किलोमीटरहून मोठा बोगदा बडोगला आहे. तो धरमपूरच्या पुढे असल्यामुळे आम्हाला सोडावा लागला. गाडीचा वेग, डब्याची रुंदी, खिडकीतून हात काढला तर झुडपाला लागेल असे वाटणे, सगळे ओळखीचे होते. वडील डब्यात फार बोलले नाहीत, पण प्रत्येक स्थानकावर उतरून त्यांनी रूळ पाहिला. पाचोऱ्याच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मुलांना गर्दीचा त्रास नको असेल तर आरक्षित डबाच घ्यावा आणि तिकीट दिल्लीच्या तिकिटाबरोबरच काढावे.

शिरपूर, खासगी नोकरी

ज्यांना रजाच मिळत नाही त्यांच्यासाठी लिहितो. फैजपूरच्या दादांचा मार्ग उत्तम आहे, परंतु सलग चार दिवस रजा मागण्याची सोय सर्वांना नसते. शिरपूर-धुळेकरांना आग्रा महामार्गाने सेंधव्यावरून इंदूर गाठणे सोपे पडते आणि इंदूरहून दिल्लीला विमान मिळते. जळगावकरांना अजिंठ्यावरून छत्रपती संभाजीनगर जवळ आहे. दिल्लीहून डेहराडूनच्या जॉली ग्रँट विमानतळावर उतरले, तर ऋषिकेश तेथून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्यावीत. माझ्या एका प्रवासात पहिल्या विमानाची वेळ ऐनवेळी बदलली, पण तिकीट एकच असल्यामुळे पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर राहिली.

इतक्या थोड्या वेळात ऋषिकेशच्या बाहेर पडू नये. नदीतील राफ्टिंग जुलै-ऑगस्टमध्ये बंद असते, तेव्हा त्यासाठी जाणाऱ्याने ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल पाहावा. जुना लक्ष्मणझुला सुरक्षिततेसाठी बंद करण्यात आला. पलीकडे जाण्यासाठी रामझुला आणि २०२० मध्ये खुला झालेला जानकी सेतू आहे. मे-जूनमध्ये चारधामचे यात्रेकरू येथूनच वर जातात, त्यामुळे गावातला रस्ता तासन्‌तास तुंबतो. मुक्काम पुलाजवळ, चालत जाता येईल असा घ्यावा.

नंदुरबार, परिचारिका

प्रकृतीविषयी थोडे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. वर आलेली ठिकाणे दोन हजाराच्या आसपास किंवा त्याहून खाली आहेत, त्यामुळे त्याची भीती बाळगू नये. खरा त्रास वळणांचा होतो. तोरणमाळच्या सात पायरी घाटात ज्यांना मळमळते, त्यांना तेथे तशीच वळणे तास-दोन तास सोसावी लागतील. गोळी डॉक्टरांना विचारून घाट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, मळमळू लागल्यावर नव्हे. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे मोठ्या पिशवीत न ठेवता अंगाबरोबर ठेवावीत. आपल्याकडचे ऊन सोसून निघताना स्वेटर घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, परंतु कसौली-लॅन्सडाउनला मे महिन्याच्या रात्रीही तो लागतो. लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी कानटोपी असावीच.

चाळीसगाव, गृहिणी

नैनीतालविषयी कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहिते. दिल्लीहून रात्रीच्या रानीखेत एक्सप्रेसने सकाळी काठगोदामला उतरता येते आणि तेथून नैनीताल सुमारे पस्तीस किलोमीटर आहे. आम्ही मुक्काम मात्र भीमतालला केला. तळ्याकाठी गर्दी कमी, खोली स्वस्त, आणि नैनीताल एका दिवसात जाऊन-येऊन पाहता आले. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे पुष्कळ कुटुंबे सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात निघतात. त्यांनी १५ जून टाळावा. त्या दिवशी भवालीजवळच्या कैंची धामला वार्षिक मेळा भरतो, अफाट लोक येतात आणि भवाली-भीमतालकडच्या रस्त्यांवर वाहने खोळंबतात. १२-१३ तारखेला काठगोदामहून परतीची गाडी धरावी किंवा शाळेच्या पहिल्या दिवसांची रजा आधीच मागून घेऊन मेळा आटोपल्यावर, २० जूनपूर्वी, पावसाचा अंदाज पाहून जावे.