केमोचं ठरवण्याआधी

पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या आईला स्तनाच्या कर्करोगाची गाठ लहान असूनही केमो घ्यावीच लागेल का, असं तुम्ही विचारलंय. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली) असेल तर डॉक्टरांना ऑन्कोटाइप डीएक्स या तपासणीबद्दल जरूर विचारा. काढलेल्या गाठीच्याच तुकड्यात २१ जनुकं तपासतात आणि आजार इतरत्र पसरण्याचा धोका ० ते १०० गुणांत सांगतात. पाळी गेलेल्या बायकांत गुण २५ किंवा कमी असतील, तर काखेतल्या १ ते ३ लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथींमध्ये) आजार पोचूनही केमोचा जादा फायदा दिसला नाही, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएक्सपाँडर या रुग्णांवरच्या अभ्यासात आढळलं. तपासणी महाग आहे, खरंय. हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी मात्र चुकवू देऊ नका, कर्करोगाचा हा प्रकार पाच वर्षांनंतरही उलटू शकतो.