रॉड सर्लिंग तुमच्यापर्यंत कसा पोचला? (अनुभव लिहा)

लेक काल व्हिडिओ कॉलवर नातीला अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनच्या रिक्रिएशन पार्कात फिरत्या घोड्यांवर बसवून दाखवत होती आणि मला एकदम टीव्हीचा लेखक सर्लिंग आठवला. तो ह्याच गावात वाढला. 1959 ला त्याची 'ट्वायलाइट झोन' ही अजब गोष्टींची टीव्ही मालिका सुरू झाली त्यात त्याने लिहिलेला एक भाग आहे, छत्तिशीतला दमलेला माणूस गावी जातो आणि तिथे त्याला लहानपणचा तोच दिसतो. आई गेल्यावर महिन्याभराने पाहिला, वडील त्याला 'आता तू जा' म्हणतात तिथे पुढे बघवेना. तुमच्या आठवणी लिहा ना.

कैरी: चष्मा फुटतो तो भाग!! जग संपलंय, पुस्तकंच पुस्तकं, वेळच वेळ, आणि चष्मा. तेव्हापासून पर्समध्ये दोन ठेवते. ताई, ठाण्यात डोळ्यांचे चांगले डॉक्टर कोण आहेत?

शाईचा_डाग: मी सहा वर्षं मालिकांचे संवाद लिहिते, सकाळी सेटवरून फोन येतो आज अमुक नट नाही, सीन बदला. ह्या माणसाने 156 पैकी 92 भाग स्वतः लिहिले, तेही डिक्टाफोनवर बोलून! पण मला लागलं ते एमेट टिलचं. 1955 ला मिसिसिपीत त्या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मारलं, त्यावरून ह्याने टीव्हीसाठी नाटक लिहिलं तर प्रायोजकांपायी इतके बदल झाले की 1956 ला दाखवलं तेव्हा गावसुद्धा दक्षिणेतलं उरलं नव्हतं. मग परग्रहवासी आणले, त्यांच्या तोंडी घातलं की कोणी अडवत नाही. मलाही एकदा पात्राची जात काढायला लावली होती, रात्रभर झोप नाही.

पावशेर: अगं :( मिठी तुला.

उत्तररात्र: आमचे काका पॅराट्रूपर. लढाईबद्दल अवाक्षर नाही पण झोपेत ओरडायचे, काकू उठून दिवा लावायची. सर्लिंगही पॅराट्रूपर होता, फिलिपिन्समध्ये लढला, त्यालाही नंतर तशीच स्वप्नं पडायची. त्याचे सैनिकांवरचे भाग मी एकटा असताना लावत नाही.

कैरी: 1975 ला गेला ना, पन्नासाव्या वर्षी, हार्टच्या ऑपरेशननंतर. सिगारेट किती ओढायचा. बाबांना हेच सांगून सांगून थकले मी. कुकर झाला, येते.

पावशेर: @कैरी डॉक्टरांचं तुझ्या विपुत (विचारपुशीत) लिहिलंय, बघ.

कैरी: बघितलं गं, थँक्यू. ताई, नात पडली नाही ना घोड्यावरून?

धागाकर्ती: नाही गं, उतरायलाच तयार नव्हती. पैसे घेत नाहीत म्हणे तिथे, तिकीट म्हणून पार्कातला कचरा उचलून द्यायचा. तिने मूठभर नेला होता.