पहिलाच समुद्रप्रवास, सोबत सासूबाई आणि लहान मुलगी: जहाजावर काय सांभाळावे?

मृद्गंध (प्रश्न)

येत्या काही महिन्यांत आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी, सात रात्रींच्या क्रूझला निघणार आहोत. विमानाचा आणि रेल्वेचा प्रवास आम्ही अनेकदा केला आहे, परंतु जहाजावर पाऊल ठेवण्याची ही पहिलीच वेळ आहे. कंपनीने पाठवलेले सूचनापत्र मी दोनदा वाचले. काय करावे आणि काय करू नये हे त्यात सविस्तर दिले आहे, पण तसे का, हे कुठेच नाही, आणि कारण कळल्याशिवाय नियम माझ्या लक्षात राहत नाहीत.

सासूबाईंना घाटातल्या बसमध्येसुद्धा गाडी लागते, त्यामुळे बोट लागण्याची मोठी धास्ती आहे. केबिन अजून निवडायची आहे. बंदरावर उतरल्यावर आपले आपण फिरावे की जहाजाच्या सहलीत नाव नोंदवावे, हेही ठरत नाही. पहिल्या दिवशी सर्वांना सुरक्षा-सराव करावा लागतो असे वाचले. सासूबाई तोवर थकलेल्या असतील, तर त्यांना केबिनमध्ये विश्रांती घेऊ दिली तर चालेल का? आणि शेवटचे म्हणजे, तेथे काम करणाऱ्या मंडळींशी वागताना आपल्याकडून अनवधानाने काही चुकू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्यांनी असे प्रवास केले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शांतसागर

माझे आतापर्यंत नऊ समुद्रप्रवास झाले आहेत आणि त्यांपैकी चार वयस्कर वडिलांसोबत झाले, म्हणून आधी सासूबाईंविषयी लिहितो.

लाटांवर जहाज सी-सॉसारखे पुढेमागे झुलते. सी-सॉच्या टोकाला बसलेले मूल सर्वांत जास्त वर-खाली होते आणि मधला टेकू जवळजवळ हलत नाही. जहाजाचेही तसेच आहे. म्हणून केबिन लांबीच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर घ्यावी. उंचावरची, अगदी पुढच्या टोकाची केबिन दृश्यासाठी सुंदर असते, पण ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी ती सर्वांत वाईट. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचे डोलणे बरेच कमी करतात, परंतु पुढेमागे होणाऱ्या झोक्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, त्यामुळे जागेची निवड महत्त्वाची राहतेच.

गोळी घ्यायची असेल तर मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यावी, कारण एकदा उलट्या सुरू झाल्या की पोटात गोळी टिकत नाही. मात्र कोणती गोळी घ्यायची हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. यातील बहुतेक औषधांनी झोप येते, आणि कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी काचबिंदू असलेल्यांना चालत नाही. वृद्धांमध्ये तिच्यामुळे गोंधळल्यासारखे होणे किंवा लघवी अडणे असेही होऊ शकते. अस्वस्थ वाटू लागल्यास केबिनमध्ये डोळे मिटून पडण्याऐवजी उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत राहावे. कानाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, या विसंगतीतूनच मळमळ होते. क्षितिज पाहिल्यावर डोळे आणि कान यांची साक्ष पुन्हा जुळते.

आता सामान. धक्क्यावर मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातात आणि त्या केबिनच्या दाराशी पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते. तेव्हा सर्व औषधे (मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह), पासपोर्ट, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत हवाच. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी एकदा मोठ्या बॅगेत ठेवल्या होत्या आणि ती बॅग रात्री नऊला हाती आली. ते सहा तास मी विसरलेलो नाही. इस्त्री, मेणबत्ती, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड यांपैकी काही नेऊ नका, सामान तपासणीत काढून घेतात. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाचीच नसते, कारण समुद्राच्या मध्यभागी बाहेरून अग्निशमनाचा बंब येत नाही.

प्रवास विमा घेताना त्यात जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च अंतर्भूत आहे ना, एवढे आवर्जून पाहा. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, पण गंभीर आजारात रुग्णाला किनाऱ्यावरच न्यावे लागते आणि तो खर्च प्रचंड असतो. फोन चढल्याबरोबर एअरप्लेन मोडवर टाका. किनारा दिसेनासा झाला की फोन जहाजाच्या उपग्रहाद्वारे चालणाऱ्या नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंगच्या कितीतरी पट असतात.

डेक चार

मी अकरा वर्षे प्रवासी जहाजांवर केबिन विभागात काम केले आहे. सुरक्षा-सरावाविषयीचा आपला प्रश्न वाचला आणि सविस्तर लिहावेसे वाटले.

सासूबाईंना सरावातून वगळू नका. तसे करता येणारही नाही, कारण प्रत्येक प्रवाशाची नोंद होते आणि राहिलेल्यांना शोधून बोलावले जाते. पण ते करता आले असते तरीही मी हेच सांगितले असते. टायटॅनिक १९१२ साली बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो सोलास या नावाने ओळखला जातो आणि आजही आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी प्रवासी जहाजे त्याच्या सुधारित रूपावर चालतात. या करारानुसार पूर्वी प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत सराव घेतला तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले, तेव्हा त्यावर ४२०० हून अधिक माणसे होती आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्या दुर्घटनेत ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच सराव घेणे बंधनकारक झाले. आपल्याला चढल्याबरोबर जी घाई वाटते तिच्यामागे हे कारण आहे.

आता अनेक जहाजांवर चित्रफीत केबिनमधल्या टीव्हीवर किंवा फोनवर पाहायची आणि नंतर आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे आणीबाणीत जमण्याच्या ठिकाणी, जाऊन नोंद करायची अशी पद्धत आहे. सासूबाईंसाठी ती सोयीची आहे. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज म्हणजे सर्वांनी जमण्याचा इशारा, हे मुलीला ऐकवून, तिच्याकडून म्हणवून घ्या. केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत जिन्याने एकदा चालून पाहा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. सासूबाईंना जिना चढणे अवघड असेल तर ते पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात नोंदवा. अशा प्रवाशांना मदत करण्यासाठी माणसे नेमून दिलेली असतात, पण आधी माहिती असेल तरच ती दाराशी येतील. मुलीच्या मापाचे लाइफजॅकेट केबिनमध्ये नसेल तर तेही लगेच मागून घ्या. अनेक जहाजांवर मुलांच्या मनगटावर मस्टर स्टेशनची खूण असलेली पट्टी बांधली जाते, ती प्रवास संपेपर्यंत काढू नये.

वृद्ध प्रवाशांना मी सर्वांत जास्त अडखळताना पाहिले ते उंबरठ्यांवर. डेकवर उघडणाऱ्या दारांना आणि बऱ्याच ठिकाणी न्हाणीघरालाही पाणी आत येऊ नये म्हणून उंच उंबरठा असतो. घरातल्या सपाट जमिनीची सवय असलेला पाय तेथे हमखास अडतो. एक हात नेहमी कठड्यासाठी मोकळा ठेवायचा, ही खलाशांची जुनी शिस्त त्यांनाही लावा. बाल्कनीचे दार उघडे असताना केबिनचे दार उघडू नका. वाऱ्याच्या झोताने ते जड दार इतक्या जोरात आपटते की बोटे चिरडतात. बाल्कनीतून कधीही काहीही खाली टाकू नये. २३ मार्च २००६ रोजी स्टार प्रिन्सेस या जहाजावर लागलेली आग बहुधा बाल्कनीवर पडलेल्या जळत्या सिगारेटच्या थोटकाने पेटली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. शिवाय समुद्रात प्लास्टिक टाकणे मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराने सर्वत्र निषिद्ध आहे.

पोट बिघडले तर लपवू नका, ही माझी कळकळीची विनंती. सहल हुकेल किंवा केबिनमध्ये बसवून ठेवतील या भीतीने लोक सांगत नाहीत आणि दोन दिवसांत अर्धा डेक आजारी पडतो. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूचे अगदी थोडे कण लागण होण्यास पुरेसे असतात. हातावर चोळण्याचे अल्कोहोलयुक्त द्रव त्यावर फारसे चालत नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने निदान २० सेकंद हात धुणे हाच खरा उपाय आहे. बरे वाटू लागल्यावरही साधारण ४८ तास इतरांपासून दूर राहायला सांगतात, तेही पाळावे.

वाटसरू

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी फक्त बंदरांविषयी लिहिते.

स्वतंत्रपणे फिरण्यात आनंद जास्त आहे आणि खर्च कमी, हे खरे. पण जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. बंदरात धक्क्याची जागा ठरावीक वेळेपुरतीच मिळालेली असते, जहाजाला वाट दाखवत बंदराबाहेर काढणारा स्थानिक पायलट ठरलेल्या वेळी येतो, काही ठिकाणी भरती-ओहोटीचे गणित असते, त्यामुळे कप्तानाच्या मनात असले तरी त्याला फार वेळ देता येत नाही. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला, तर मात्र ते थांबतात किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी घेतात.

माझे जहाज एकदा चुकले आहे. कारण अगदी साधे होते: माझ्या फोनने उतरल्यावर आपोआप स्थानिक वेळ लावून घेतली आणि जहाजाची वेळ तिच्यापेक्षा एक तासाने पुढे होती. मी स्वतःला वेळेच्या पन्नास मिनिटे आधी समजत धक्क्यावर आले, तेव्हा जहाज दूर पाण्यात होते. सोबत पासपोर्ट नव्हता, औषधे नव्हती. तेव्हापासून मी काट्यांचे साधे घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून हातात घालते, पासपोर्टची प्रत आणि दिवसाच्या पत्रकावर छापलेला बंदरातील एजंटचा क्रमांक कागदावर लिहून बरोबर घेते, आणि सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधीच परतीला लागते. सासूबाई बरोबर असताना लांबचे ठिकाण असेल तर जहाजाची सहल घ्या आणि गाव धक्क्याला लागूनच असेल तर स्वतः फिरा, असे मी सुचवेन.

आणखी एक. काही बंदरांत पाणी उथळ असल्याने जहाज बाहेरच नांगर टाकते आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटींतून प्रवाशांना नेले जाते. लाटा असतील तेव्हा जहाजातून बोटीत पाय टाकणे वृद्धांना खरोखर कठीण जाते. कोणती बंदरे टेंडरची आहेत हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्या.

मृद्गंध

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सरावाविषयीचा माझा विचार पूर्ण बदलला आहे आणि मधली, खालच्या डेकवरची केबिन आजच मागितली. एक शंका राहिली. जहाजावरील आपल्या खात्यावर रोज सेवाशुल्क आपोआप आकारले जाते आणि स्वागतकक्षात सांगून ते काढून टाकता येते, असे एका परिचितांनी सुचवले. ते योग्य आहे का? आणि रोजच्या वावरात, सहप्रवाशांच्या बाबतीत, कशाने त्रास होतो?

डेक चार

ते काढू नका. ती रक्कम बहुतेक ठिकाणी केबिन, भोजनगृह आणि पडद्यामागे काम करणाऱ्या अशा अनेकांत वाटली जाते; कपडे धुणारा माणूस तुम्हाला कधी दिसतही नाही, पण त्याचा वाटा त्यात असतो. सेवेत खरोखर उणीव असेल तर ती पहिल्याच दिवशी सांगावी, म्हणजे दुरुस्त करता येते. सहा-सात दिवस हसून बोलून शेवटच्या रात्री शुल्क रद्द करून गेलेले प्रवासी मी पाहिले आहेत आणि दुसऱ्या दिवशी तीच खोली आवरताना होणारे दुःख रकमेपेक्षा मोठे असते.

२०१३ पासून लागू असलेल्या सागरी कामगार करारानुसार कर्मचाऱ्याला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळावी लागते. याचा दुसरा अर्थ असा की उरलेला बराचसा वेळ काम चालू असते, आणि करार संपेपर्यंत कित्येक महिने पूर्ण सुट्टीचा दिवस क्वचितच मिळतो. म्हणून खोली आवरण्याची वेळ सकाळीच सांगून ठेवलीत, फरशीवरचे सामान उचललेत आणि नावाने हाक मारलीत, तर त्या माणसाचा दिवस हलका होतो. मुलीने आभाराची चिठ्ठी लिहिली आणि प्रवासाच्या शेवटी येणाऱ्या अभिप्रायपत्रात तुम्ही नाव लिहिलेत, तर त्याचा बढतीसाठी प्रत्यक्ष उपयोग होतो.

सहप्रवाशांच्या तक्रारी आमच्यापर्यंत येत त्या ठरलेल्या असत: पहाटे तरणतलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून दुपारपर्यंत न येणे, रात्री मार्गिकेत मोठ्याने बोलणे आणि दारे आपटणे, ओल्या पोहण्याच्या कपड्यांत भोजनगृहात येणे, लिफ्टमधले लोक बाहेर पडण्यापूर्वी आत घुसणे. भिंती पातळ असतात. शेजारच्या केबिनमधली कुजबुजसुद्धा ऐकू येते. नऊ वर्षांची मुले मार्गिकेत धावतात, ते स्वाभाविक आहे, पण त्या वेळी शेजारच्या केबिनमध्ये कोणीतरी झोपलेला असू शकतो हे तिला सांगितले तर ती नक्की समजून घेईल.

शांतसागर

शेवटच्या रात्रीचे एक राहिले. मोठ्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या सकाळी धक्क्यावरच पुन्हा भेटतात. घाईत सर्व कपडे आणि बूट बॅगेत भरून रात्रीच्या वेषातच राहिलेली मंडळी दर प्रवासात असतात, तेव्हा सकाळचे कपडे, पादत्राणे आणि सासूबाईंच्या सकाळच्या गोळ्या बाजूला काढून मगच बॅगेला कुलूप लावा. तिजोरीतले पासपोर्टही त्याच वेळी काढून हातातल्या पिशवीत ठेवा.